घोड्याचा पुढचा पत्ता

जपानमधल्या कोची शहराच्या रेसकोर्सवर हारू उरारा नावाची एक घोडी होती. १९९८ ते २००४ या काळात ती ११३ शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. तिच्यावर लावलेलं तिकीट कधी लागायचंच नाही. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की जे लागतच नाही ते गाडीत ठेवलं तर गाडीही कुठे लागणार नाही. लोक तिची हरलेली तिकिटं अपघात टाळणारा ताईत म्हणून जपू लागले. कोटी मूळ जपानी आहे, पण मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडेही लॉटरी लागते आणि ठेचही लागते.

२२ मार्च २००४ रोजी तिची १०६वी शर्यत होती. युताका ताके हा त्या देशातला सर्वांत नावाजलेला जॉकी त्या दिवशी तिच्यावर बसला. तोट्यात रुतलेलं, बंद पडायच्या बेताला आलेलं ते आडबाजूचं रेसकोर्स, पण त्या दिवशी तिथे तेरा हजार माणसं लोटली. पावसात ती अकरा घोड्यांत दहावी आली. ताकेने तिला जिंकलेल्या घोड्यासारखं स्टँडसमोरून फिरवलं.

एवढ्या कौतुकानंतर निरोपही तसाच झाला असेल असं वाटतं. तो झालाच नाही. त्या वर्षीच्या ऑगस्टनंतर ती धावली नाही. मालकाने तिला कोचीहून हलवलं आणि परत आणलं नाही, त्यामुळे जिथे ती एवढी हरली तिथल्या लोकांना तिच्या निवृत्तीचा समारंभही करता आला नाही. पुढे ती चिबा प्रांतातल्या ओन्जुकू गावच्या एका फार्मवर पोचली. तिच्या खर्चाचे पैसे येईनासे झाले, तेव्हा २०१४ साली काही साध्यासुध्या माणसांनी तिच्या नावाचं मंडळ काढलं आणि वर्गणीवर तिचा दाणापाणी चालवला. ९ सप्टेंबर २०२५ रोजी, २९ वर्षांची असताना, ती पोटशुळाने गेली. त्याच्या थोडं आधी, खऱ्या घोड्यांवरून मुलींची पात्रं बेतलेल्या 'उमामुसुमे' या जपानी मोबाइल गेमची इंग्रजी आवृत्ती आली होती. ती खेळणाऱ्या परदेशी पोरापोरींनी तिच्यासाठी इतकं गवत पाठवलं, की गवताची देणगी घेणारं संकेतस्थळच आडवं झालं.

निरोपाच्या फुलांपेक्षा मला हे गवत महत्त्वाचं वाटतं. का, ते सांगतो.

मराठीत 'निरोप' या शब्दाच्या पोटात दोन गोष्टी आहेत. जाणाऱ्याला आपण निरोप देतो, आणि दूर असलेल्याला निरोप धाडतो. पूर्वी पाहुणा एस्टीत बसला की खिडकीखाली उभं राहून शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: "पोचल्याचं पत्र टाका." त्या पत्राशिवाय निरोप पुरा व्हायचा नाही. शर्यतीच्या घोड्यांना जगभर जे निरोप दिले जातात त्यात रडणं आहे, फुलं आहेत, भाषणं आहेत. पोचल्याचं पत्र मात्र कोणी मागत नाही. घोडा कुठे गेला, तिथे त्याला कोण खाऊ घालतंय, तो आहे की नाही, हे विचारणं हा चाहत्याचा हक्कच आहे, आणि कर्तव्यही. असं मी का म्हणतो, त्यासाठी थोडं जपानातच थांबावं लागेल, कारण निरोपाची कला तिथे जेवढी फुलली आहे तेवढी इतर कुठे नाही.

ओगुरी कॅपचं उदाहरण घ्या. कासामात्सुसारख्या लहानशा गावच्या रेसकोर्सवरून वर आलेला करड्या रंगाचा घोडा. २३ डिसेंबर १९९० ला नाकायामाच्या मैदानावर 'अरिमा किनेन' ही त्याची शेवटची शर्यत होती. आधीच्या शर्यतींत तो मागे पडला होता आणि संपला म्हणून लोकांनी त्याला सोडून दिलं होतं. तरी त्या दिवशी १,७७,७७९ माणसं आली. तो जिंकला, आणि एवढी सगळी माणसं एका सुरात त्याचं नाव घेऊ लागली. पुढे त्याच्या निवृत्तीचे समारंभ झाले, त्याची कापडी बाहुली देशभर घरोघर गेली, कासामात्सुला त्याचा पुतळा उभा राहिला. २०१० साली पाय मोडून तो गेला तेव्हा लोकांनी पुन्हा रांगा लावून फुलं वाहिली. डीप इम्पॅक्टचं असंच, फक्त त्याच्या वेळी सगळं जास्त आखीव होतं: २००६ च्या अरिमा किनेनमधला विजय, त्याच संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात निरोप, मग पैदाशीची वैभवशाली कारकीर्द आणि २०१९ साली मृत्यू.

राइस शॉवरची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि माझ्या मनातून ती जात नाही. हा अंगाने लहान, काळसर घोडा. १९९२ साली त्याने मिहोनो बुरबोन या लाडक्या घोड्याला हरवून त्याचा तिहेरी मुकुट, म्हणजे एकाच वर्षात तीन मोठ्या शर्यती जिंकण्याचा मान, हुकवला. पुढच्या वर्षी मेजिरो मॅक्वीनचा 'तेन्नो शो' या वसंतातल्या शर्यतीतला सलग तिसरा विजय हुकवला. जिंकल्यावर टाळ्यांऐवजी उसासे ऐकू यावेत असं त्याचं नशीब. पुढे दुखापती झाल्या, पराभव झाले, आणि १९९५ च्या वसंतात तो पुन्हा जिंकला तेव्हा लोकांचं मन एकदम फिरलं. 'ताकाराझुका किनेन' या शर्यतीत कोणते घोडे धावावेत हे चाहत्यांच्या मतांवरून ठरतं. त्या वर्षी सर्वाधिक मतं राइस शॉवरला पडली. भूकंपात नुकसान झाल्याने ती शर्यत नेहमीच्या मैदानाऐवजी क्योतोला घेतली होती. ४ जून १९९५ ला, तिसऱ्या वळणाच्या पुढे उतारावर, त्याचा पाय मोडला. त्याला तिथेच, मैदानावरच, इंजेक्शन देऊन मारावं लागलं. आज क्योतोच्या रेसकोर्सवर त्याचा स्मृतिस्तंभ आहे, आणि लोक तिथे अजून फुलं ठेवतात.

ती फुलं ठेवणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्याला मत दिलं असेल? हा खोडसाळ प्रश्न नाही. चाहता स्वतःला बघ्या समजतो. आपण फक्त प्रेम केलं, बाकी सगळं मालकाने, ट्रेनरने, क्लबने केलं, अशी त्याची समजूत असते. पण शर्यत चालते ती त्याच्या तिकिटावर, त्याने लावलेल्या पैशावर, आणि इथे तर थेट त्याच्या मतावर. मंडपात बसून जेवणाऱ्याने 'खर्च यजमानाचा' म्हणावं तसं हे झालं, आणि तेही यजमान आपणच असताना.

जपानी रेसच्या कारभारात दोन शब्दप्रयोग आहेत. पाय मोडलेल्या घोड्याला मारायचं ठरलं की अधिकृत नोंद होते ती 'सुधारण्याची आशा नाही' अशा अर्थाची. आणि धावणं थांबलेल्या घोड्याच्या नावापुढे पुष्कळदा लिहिलेलं असतं 'स्वारीसाठी'. म्हणजे तो आता रायडिंग क्लबमध्ये गेला, मुलं त्याच्यावर बसून शिकतील. काही घोडे खरंच तिथे जातात. पण हा शब्द पडद्यासारखा वापरला जातो, आणि पडद्यामागे गेलेल्या पुष्कळ घोड्यांचा पुढे माग लागत नाही, हे तिथल्या जाणत्या चाहत्याला पक्कं ठाऊक असतं. जपानात दरवर्षी सात हजारांहून जास्त थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची, शिंगरं जन्मतात. घोडा दोन वर्षांचा झाला की धावू लागतो, बहुतेकांचं धावणं चार-पाच वर्षांत आटोपतं, आणि जगतो तो पंचवीस वर्षं, कधी त्याहून जास्त. म्हणजे चार वर्षांची कमाई आणि वीस वर्षांचा चारा. सात हजारांना वीस वर्षं पोसेल एवढे रायडिंग क्लब कुठल्याच देशात नाहीत. त्या देशात घोड्याचं मांस खाल्लंही जातं. दोन गोष्टींची सांगड घालायला फार बुद्धी लागत नाही.

फर्डिनंड हा १९८६ ची केंटकी डर्बी जिंकलेला अमेरिकन घोडा, १९८७ साली तिथला वर्षातला सर्वोत्तम घोडा. १९९४ साली तो पैदाशीसाठी जपानला विकला गेला. तिथे त्याला मागणी राहिली नाही आणि २००२ च्या सुमारास तो कत्तलखान्यात गेला. अमेरिकेत ही बातमी पोचली ती पुढच्या वर्षी. डर्बीचा विजेता, ज्याच्या फोटोंखाली लोक वाढले, त्याची ही गत. मग तिथे हलकल्लोळ झाला. केंटकीत म्हाताऱ्या घोड्यांसाठी 'ओल्ड फ्रेंड्स' नावाचं फार्म उभं राहिलं, आणि १९९७ चा डर्बी विजेता सिल्व्हर चार्म २०१४ साली जपानहून परत आणून तिथे ठेवला गेला. यात जपानी वाईट आणि अमेरिकन चांगले असं काही नाही. फर्डिनंडला विकणारे अमेरिकनच होते, आणि विकल्यानंतर आठ-नऊ वर्षं तो कुठे आहे हे फारसं कोणी विचारलंही नव्हतं.

आता त्याच जपानातली दुसरी बाजू. नाइस नेचर नावाचा घोडा होता. अरिमा किनेनमध्ये १९९१, १९९२ आणि १९९३ अशी सलग तीन वर्षं तो तिसरा आला. दरवर्षी तिसरा! वर्गात कायम तिसरा नंबर काढणाऱ्या मुलावर बाकीच्या मुलांचं जसं प्रेम असतं तसं लोकांचं त्याच्यावर होतं. म्हातारपणी तो होक्काइदोतल्या उराकावाच्या एका फार्मवर राहायचा आणि निवृत्त घोड्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा तो जाहिरातीतला चेहरा होता. त्याच्या वाढदिवसाला, १६ एप्रिलला, संस्था देणगी मागायची. त्याच्यासाठी नव्हे, त्याचा खर्च भागलेलाच होता. इतर घोड्यांसाठी, ज्यांची नावंही कोणाला माहीत नव्हती. २०२१ साली, उमामुसुमे गेम आल्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला, साडेतीन कोटी येनांहून जास्त रक्कम जमली. २०२३ साली सात कोटींच्या वर. त्याच वर्षी ३० मे रोजी तो ३५ वर्षांचा होऊन गेला. त्या पैशातून दुसरे घोडे सोडवले गेले, त्यांना शिकवून नवी घरं मिळाली.

गेममधल्या झिपऱ्या, मोठ्या डोळ्यांच्या मुलींवरून घोड्यांच्या प्रेमात पडणाऱ्यांना हसणारे पुष्कळ आहेत. मीही आधी हसलो होतो. पण कुठलीही पायरी न चढता, एकदम खऱ्या घोड्याच्या गव्हाणीपर्यंत पोचलेली ही पोरं आयुष्य स्टँडमध्ये घालवलेल्या जुन्या शौकिनांपेक्षा एका बाबतीत पुढे गेली. 'तो आता कुठे आहे?' हा प्रश्न त्यांनी विचारला.

माझा मामा पुण्याच्या रेसचा शौकीन होता. पावसाळ्यात पुण्याचा सीझन सुरू झाला की त्याची शनिवार-रविवारची कामं अचानक वाढायची. घरात 'रेस' हा शब्द दारूच्याच आवाजात उच्चारला जायचा, म्हणून रेसबुक वर्तमानपत्राच्या घडीत असायचं. वीस वर्षांपूर्वीचे घोडे त्याला तोंडपाठ होते. कोणाचा बाप कोण, चिखलात कोण पळायचा, कोणत्या घोड्याने शेवटच्या दोनशे मीटरमध्ये त्याचा पगार घालवला. एकदा मी विचारलं, "मामा, तो आता कुठे असेल रे?" मामा म्हणाला, "स्टडला गेला असणार." पुढे मला कळलं, की ज्या घोड्याबद्दल मी विचारत होतो तो खच्ची केलेला होता. स्टडला, म्हणजे पैदाशीला, जाऊन तो काय करणार? मामाला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याने त्या दिशेने विचारच केला नव्हता.

मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ सालचं आहे. सहसा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तिथे इंडियन डर्बी होते. टोप्या, फॅशन, फोटो, सगळं दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. गेली काही वर्षं वाद चालला तो त्या जमिनीचा. किती एकर पालिकेला, किती क्लबला, कुठे उद्यान होणार. वाद योग्यच होता, शहराला मोकळी जागा हवी. पण एवढ्या वर्षांच्या त्या भांडणात घोडे कुठे जातात हा प्रश्न दोन्हीकडच्या कोणीही ठासून विचारलेला मला आठवत नाही.

आणि तरी आपल्याकडे त्या प्रश्नाचं एक असं उत्तर आहे, जे इतरत्र क्वचित सापडेल. पुण्यात पूनावाला घराण्याचा स्टड फार्म होता. धावून झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण घोड्याच्या रक्तापासून धनुर्वातावरचं आणि सर्पदंशावरचं औषध बनतं. हे औषध आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ साली सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली. संस्थेच्या नावातलं 'सीरम' ते हेच, रक्तातला पिवळसर द्रव. कोविडच्या काळात ज्या नावाच्या कुपीसाठी आपण रांगेत उभे राहिलो, त्या नावाच्या मुळाशी निवृत्त घोडे आहेत.

सर्पदंशाचं औषध कसं बनतं तेही सांगायला हवं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष घोड्याला अगदी थोडं थोडं, वाढवत टोचतात. त्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. मग त्याचं रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करतात, आणि शुद्ध करून कुपीत भरतात. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. कोकणात आंब्याच्या बागेत फुरसं चावलेला गडी तालुक्याच्या दवाखान्यातून चालत घरी येतो, तो या रक्तामुळे. त्याला त्या घोड्याचं नाव माहीत नसतं. कोणालाच माहीत नसतं. त्याला कोणी फुलं वाहत नाही आणि तो गेला की बातमी येत नाही.

हे क्रूर आहे का? मी तसं म्हणणार नाही. फुरसं चावलेल्याच्या उशाशी बसून तसं म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण घोडा 'दान दिला', 'निवृत्त झाला' असं म्हणणं हीही तीच जपानी 'स्वारीसाठी'ची भाषा आहे. तो दुसऱ्या नोकरीला लागला, आणि ती पहिलीपेक्षा कष्टाची आहे. तर निदान त्या नोकरीत त्याला कसं ठेवतात, किती वर्षं ठेवतात, आणि त्यानंतर काय करतात, हे उघडपणे सांगावं. डर्बीच्या विजेत्याइतकाच, माझ्या मते जास्तच, त्याचा निरोपावर हक्क आहे.

इथे कोणीतरी म्हणेलच, की माणसांना पेन्शन नाही आणि हे घोड्यांना मागतायत. आक्षेप वजनदार आहे, पण पत्ता चुकलेला आहे. हा पैसा मी सरकारकडे मागत नाही. रेसकोर्सवर टोटच्या प्रत्येक पूलमधून, म्हणजे सगळ्यांनी पैजेवर लावलेल्या एकत्र पैशातून, क्लब आपला वाटा कापतो, सरकार आपला कर कापतं. रुपयातला एक पैसा घोड्याच्या म्हातारपणासाठी कापला तर पैज लावणाऱ्याला कळणारही नाही. बक्षिसाच्या रकमेतून मालकाचा थोडा वाटा, शिंगराच्या विक्रीतून पैदास करणाऱ्याचा. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या घोड्यांना दुसऱ्या कामासाठी शिकवणारी संस्था २००० सालापासून आहे, अमेरिकेत आश्रयस्थानांना तपासून पैसे देणारी व्यवस्था २०१२ पासून. यात अशक्य काहीच नाही.

दुसरा आक्षेप याहून बोचरा आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. देणगीतून शंभर घोडे सोडवले तरी पुढच्या वसंतात सात हजार शिंगरं जन्मणारच. उलट, देणगी देऊन चाहत्याचं मन हलकं होतं आणि तो नव्या उमेदीने तिकीट घेतो. नाइस नेचरच्या वाढदिवसाच्या पैशाने जपानी रेसचं गणित बदललं नाही, हे खरं आहे. म्हणून नुसत्या देणगीवर माझी मागणी थांबत नाही. सगळ्या घोड्यांचा पत्ता छापा, असं माझं म्हणणं आहे. आकडे समोर आले तर जन्म किती आणि सोय किती ही तफावत झाकता येणार नाही.

आपल्याला हे परकं वाटू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात आणि त्याला सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." कुठल्या भाषेत जनावराला इतक्या मानाने जेवायला बोलावतात? पण तोच बैल म्हातारा झाला की काय करायचं, हा प्रश्न आपण आवतणाच्या बाहेर ठेवला. २०१५ च्या कायद्याने बैलांची कत्तल थांबली; थकलेल्या बैलाच्या चाऱ्याचा भार मात्र मुख्यतः त्या शेतकऱ्याच्याच अंगावर पडला, ज्याच्याकडे चालत्या बैलालाही पुरेसा कडबा नसतो. भावना सगळ्या राज्याची आणि गव्हाण एकट्याची. घोड्यांच्या बाबतीत ही चूक टाळता येण्यासारखी आहे, कारण इथे भावनावाल्याच्या खिशात पैसा आहे आणि तो खिडकीशी रांगेत उभाच आहे.

आणि नोंदींची तर सगळी सोय आधीच आहे. भारतात थरोब्रेड शिंगरू जन्मलं की स्टड बुकात त्याची नोंद होते, आणि ते स्टड बुक सांभाळलं जातं पुण्यात, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या छत्राखाली. बाप, आई, आईचा बाप, जन्मतारीख, रंग, कपाळावरचा टिळा, कोणत्या पायाला पांढरं. मामाच्या वर्तमानपत्रातल्या त्या रेसबुकात तर प्रत्येक घोड्यापुढे त्याने कधी किती वजन घेऊन किती सेकंदांत किती अंतर कापलं ते छापलेलं असायचं, जॉकीच्या टोपीच्या रंगासकट. सीझन संपला की नावं गळायची, नवी यायची. गळलेल्या नावांची एक यादी पुढच्या सीझनच्या पहिल्या पुस्तकात शेवटच्या पानावर द्यायला फार तर एक पान जास्त लागेल: घोड्याचं नाव, आणि तो आता कुठे आहे.